वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी व गाठीचा प्लेग या दोन रोगांवरील लशी तयार करून त्या हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर वापरात आणणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. प्लेगची लस त्यांनी मुंबईत तयार केली आणि तिचा पहिला प्रयोग स्वतःच्या शरीरावर केला. १९०२ साली पंजाबातील मलकवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. त्याचा दोष हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला आणि तो दूर होण्यास पाच वर्षे लागली. नव्या औषधाची परीक्षा कोणाच्या शरीरावर घ्यावी, ज्याच्यावर ती घ्यायची त्याची संमती कितपत खरी असते, आणि अपघात झाल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे येतात. हाफकिन यांच्या चरित्रात ते तिन्ही आले आहेत.

बालपण व शिक्षण

हाफकिन यांचे मूळ रशियन नाव व्लादिमीर आरोनोविच खावकिन. त्यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आता ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हा शोध लावून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेचनिकोव्ह.

१८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाल्यावर दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी संरक्षणासाठी जी दले उभारली, त्यांत हाफकिन सामील झाले. त्या धुमश्चक्रीत ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांनी मध्यस्थी केल्याने त्यांची सुटका झाली. पदवी मिळाल्यावर त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले. विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासाठी मात्र ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावे अशी अट होती. ती त्यांनी मान्य केली नाही. पुढील आयुष्यातही ते धर्माशी एकनिष्ठ राहिले आणि उतारवयात तर अधिकच.

१८८८ साली ते जिनिव्हास गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये मेचनिकोव्ह यांच्याकडे पोचले. मेचनिकोव्ह तोवर लुई पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले होते. संस्थेत एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती पत्करली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. हाफकिन हे वैद्य नव्हते ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. ते प्राणिशास्त्राचे पदवीधर होते. पुढे हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी त्यांचे जे संबंध राहिले, त्यांत हा मुद्दा वारंवार डोके वर काढतो.

पटकीची लस

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला होता आणि १८८५ साली स्पेनमध्ये हाइमे फेर्रान यांनी त्यावर लस टोचून पाहिली होती. मात्र त्या लशीच्या शुद्धतेविषयी व गुणाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद होते. हाफकिन यांनी दोन पायऱ्यांची पद्धत योजली. जंतूंची एक जात सुमारे ३९ अंश सेल्सिअस तपमानाला सतत हवा खेळती ठेवून दुबळी केली. दुसरी जात गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक नेऊन मूळच्यापेक्षा कितीतरी प्रखर केली. आधी दुबळी लस टोचायची आणि काही दिवसांनी प्रखर, अशी ती योजना होती.

प्राण्यांवर ती यशस्वी झाली, पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर त्यांचे काही रशियन मित्र स्वेच्छेने पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी हे निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ठेवले.

शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करण्याची प्रथा त्या काळी रूढ होती आणि तिच्याकडे मोठ्या आदराने पाहिले जाई. जो धोका दुसऱ्याला पत्करायला सांगायचा तो आधी आपण पत्करावा, हा त्यामागचा विचार सरळ आहे. तरीही त्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. प्रयोग करणाऱ्याला धोक्याची जाण असते. तो केव्हाही थांबू शकतो. पुढे ज्या हजारो माणसांच्या दंडात तीच सुई गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांना जंतू म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. शिवाय एका निरोगी माणसाला लस बाधली नाही, एवढ्यावरून ती रोगापासून वाचवते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी रोग असलेल्या मुलखातच जावे लागते.

रशियन सरकारने या लशीत रस दाखविला नाही. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थान सुचविला. १८९३च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास पोचले. रशियन नाव, फ्रेंच संस्था आणि ज्यू धर्म! ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी काहींना ते रशियाचे हेर वाटले यात नवल नाही.

पुढील अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत हिंडून त्यांनी बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका वस्तीत राहणाऱ्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली होती. तेथे नंतर पटकीचे १० रोगी आढळले व ७ जण दगावले. ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. या कामात त्यांना कलकत्त्याच्या भारतीय डॉक्टरांची मोठी मदत झाली. गावकरी लस घेण्यास कचरत तेव्हा त्यांच्यासमोर हे डॉक्टर आधी स्वतः टोचून घेत.

लशीचा गुण तोलण्यासाठी एकाच ठिकाणी, एकाच पाण्यावर, एकाच अन्नावर राहणारी आणि कोण आजारी पडले याची पक्की नोंद ठेवता येईल अशी माणसे हाफकिन यांना हवी असत. अशी माणसे तुरुंगात, पलटणीत आणि चहाच्या मळ्यांत सापडत. शास्त्राच्या दृष्टीने ही निवड अचूक होती. पण ही तिन्ही ठिकाणे अशी आहेत की तेथे वरिष्ठाने पुढे या म्हटल्यावर मागे राहणे अवघड जाते. हाफकिन यांनी सक्ती केल्याचे दिसत नाही. स्वेच्छेने येणाऱ्यालाच टोचायचे हा त्यांचा नियम होता. तरी शिपाई, मजूर आणि कैदी यांच्या स्वेच्छेला किती वजन द्यावे, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला जात नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यातून १९४७ साली जी संहिता निघाली, तिने प्रयोगास बसणाऱ्या माणसाची मुक्त संमती ही पहिली अट ठरविली. हाफकिन यांचे काम त्याच्या अर्धशतक आधीचे आहे.

मुंबईतील प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशिओ गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांपूर्वी याच रोगाचा जंतू अलेक्झांडर येरसँ यांनी शोधला होता. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे मात्र त्या वेळी कोणाला माहीत नव्हते. लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रोग त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. गाव ओस टाकून शेतात झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी वऱ्हाडातील जुनी माणसे अगदी अलीकडेपर्यंत सांगत असत.

सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. ७ ऑक्टोबरला ते तेथे पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व तिच्याबाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले.

त्यांनी वापरलेली रीत मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. जंतू वाढविण्यासाठी मांसरस लागतो. येथील लोकांच्या भावना लक्षात घेऊन गोमांस व डुकराचे मांस टाळून बकऱ्याच्या मांसाचा रस वापरण्यात आला. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढतात आणि छपरातून लोंबणाऱ्या लवणस्तंभांसारखे धागे खाली सोडतात. चंबू हलवला की ते धागे तुटून तळाशी बसतात आणि नवे वाढू लागतात. अशी काही आठवड्यांची वाढ झाल्यावर तो रस तापवून जंतू मारायचे आणि कुजू नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. म्हणजे पटकीच्या लशीप्रमाणे ही जिवंत जंतूंची लस नव्हती, मृत जंतूंची होती. कार्बोलिक आम्लाचा हा तपशील लहान दिसतो, पण पुढे सारा खटला त्याच्यावरच उभा राहिला.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घन सेंटिमीटर होती. लोकांना नंतर देण्यात आलेल्या मात्रेच्या ती सुमारे तिप्पट भरते. त्यांना चांगलाच ताप आला.

भायखळ्याचा तुरुंग आणि उंढेरा

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लशीची माहिती देण्यात आली आणि सुमारे निम्मे कैदी टोचून घेण्यास पुढे आले. टोचण्याच्याच दिवशी रोगाची लक्षणे दिसली असे काही कैदी होते. त्यांना आधीच लागण झाली होती असे मानून हिशेबातून वगळण्यात आले. उरलेल्यांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले आणि कोणी मेले नाही. निम्मे कैदी मागे राहिले त्या अर्थी नकार देण्याची मुभा त्यांना होती असे म्हणता येईल. मात्र हे आकडे लहान होते, आणि टोचून घेणारे व न घेणारे मुळातच निराळ्या प्रकृतीचे असतील अशी शंका घेण्यास जागा होती.

ही शंका फिटावी अशी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातील उंढेरा या सुमारे हजार वस्तीच्या गावी प्लेग आला होता. १८९८च्या फेब्रुवारीत तेथे गावकऱ्यांची घरवार मोजणी करून प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. त्यांतली काही टोचलेली, काही न टोचलेली. नंतरच्या आठवड्यांत २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ मेले.

लशीचा इतका स्पष्ट पुरावा त्या काळात दुसरा नव्हता, आणि पुढे लाखो लोकांनी ज्या विश्वासाने दंड पुढे केला त्याचा पाया उंढेऱ्याचे हे आकडे आहेत. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागतात. टोचलेल्यांत मृत्यूचे जे प्रमाण आहे तेच न टोचलेल्यांत असते, तर २६च्या जागी दोन-तीनच माणसे गेली असती. लस गुणकारी आहे असे हाफकिन स्वतः मानत होते. मग निम्म्यांना ती का नाकारली? त्याचे उत्तर असे देता येते की मानणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, आणि सिद्ध न झालेली लस सर्वांना टोचणे हाही सर्वांवरचा प्रयोगच ठरला असता. शिवाय वैद्यकीय जगाचा एक मोठा भाग या लशीला नावे ठेवत होता. तुलनेसाठी माणसे बाजूला ठेवण्याची रीत आजही औषधांच्या चाचण्यांत पाळतात. फरक इतकाच, की आज त्या माणसांना हे आधी सांगावे लागते आणि गुण उघड दिसू लागताच चाचणी थांबवून सर्वांना औषध द्यावे लागते. उंढेऱ्याच्या घरांतून कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही हे ऐकताना आईबापांना काय वाटले असेल, याची नोंद आकड्यांच्या तक्त्यात नसते.

सक्ती आणि विश्वास

लशीच्या प्रसाराचा काळ आणि सरकारच्या प्लेगविषयक जुलमाचा काळ एकच आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या जोरावर घरांची झडती घेणे, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, घरच्यांना छावणीत डांबणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या कारकिर्दीतील सोल्जरांच्या झडत्यांनी लोक संतापले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना रोगाची लागण होऊन त्यांचा अंत झाला होता. ज्या सरकारचे शिपाई माजघरात शिरतात त्याच सरकारची सुई दंडात घेण्यास लोक कचरले, यात अज्ञानाचा वाटा होता तसा अनुभवाचाही होता.

हाफकिन यांचा मार्ग मन वळविण्याचा होता. त्यांना एक मोठा आधार मिळाला तो खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांचा. त्या वेळी विशीतील या तरुण धर्मगुरूंनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि मुंबईतील हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. १८९८ साली हुबळी व धारवाडकडेही लशीचे मोठे काम झाले. टोचून घेतलेल्यांना दाखला मिळे आणि तो दाखवला की छावणीत राहण्याच्या जाचातून सुटका होई. ही सवलत लशीच्या प्रसाराला उपयोगी पडली. पण छावणीच्या भीतीने दंड पुढे करणाऱ्याला स्वेच्छेने आलेला म्हणावे काय, हा पेच तिच्यात आहेच. अलीकडच्या करोना साथीत प्रवासासाठी लशीच्या दाखल्याची अट आली तेव्हा तोच वाद पुन्हा झाला.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लशीची छाननी केली. लशीची मात्रा व ताकद काटेकोर ठरविलेली नाही हा दोष त्याने दाखविला, मात्र लशीमुळे रोग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण घटते हे मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे प्रमुख संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्वही स्वीकारले.

मलकवाल

१९०२ साली पंजाब सरकारने लाखो लोकांना लस टोचण्याची मोहीम आखली आणि परळकडे लशीची मागणी अचानक वाढली. तुपाच्या पद्धतीला वेळ फार लागे. हाफकिन यांनी जंतू वाढविण्याची जलद पद्धत सुरू केली आणि तीत कार्बोलिक आम्ल वगळून जंतूंचा नाश व शुद्धी यांसाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. या बदलाला त्यांच्याजवळ शास्त्रीय आधार होता. सरकारची रीतसर परवानगी मात्र त्यांनी घेतलेली नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मलकवाल (आता पाकिस्तानात) येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभरात १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. या साऱ्यांना एकाच बाटलीतील लस दिली होती. तिच्यावर ५३ एन हा क्रमांक होता. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

बाटली दूषित झाली होती हे उघड होते. ती कोठे दूषित झाली, परळला भरताना की मलकवालला उघडताना, एवढाच प्रश्न होता. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने दोष परळकडे लावला. कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर गोष्ट मानली गेली. हाफकिन यांना संचालकपद सोडावे लागले आणि १९०४ साली ते इंग्लंडला गेले. परळला त्यांच्या जागी सैनिकी वैद्यकीय सेवेतील बॅनरमन आले.

आयोगापुढील पुराव्यातच एक गोष्ट होती. मलकवालला बाटलीचे बूच काढताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून तसाच वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू अशा ओझरत्या धुण्याने मरत नाहीत. दुसरी गोष्ट वासाची. ही बाटली परळला भरल्यापासून ४१ दिवसांनी उघडली गेली. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते तर बाटलीला घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

आयोगाचा अहवाल बऱ्याच उशिराने प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर १९०७ साली इंग्लंडमध्ये प्राध्यापक डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी त्यातील विसंगती मांडली. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले सर रोनाल्ड रॉस यांनी हा विषय नेटाने लावून धरला. जुलै १९०७मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आळ आला होता. त्याची आठवण ताजी असल्याने हाफकिन यांच्या प्रकरणालाही लोक छोटा ड्रायफस खटला म्हणू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त मानून पुन्हा नोकरीवर घेतले.

या प्रकरणात हाफकिन निर्दोष होते हे आज सर्वमान्य आहे. तरी कार्बोलिक आम्लाचा मुद्दा त्यामुळे निकालात निघत नाही. ते लशीत असते तर बाटली उघडताना शिरलेले थोडे जंतू कदाचित वाढू शकले नसते. प्रयोगशाळेतील शुद्धता आणि गावच्या पारावर, धुळीत, घाईने टोचतानाची शुद्धता यांत फार अंतर असते. कार्बोलिक हे त्या अंतरावरचे संरक्षण होते. ते काढण्याचा निर्णय वाढत्या मागणीच्या दडपणाखाली झाला, आणि ती मागणी करणारे सरकारच होते. आयोगाने मात्र सारी जबाबदारी शोधता शोधता एका माणसापाशी आणून ठेवली. मोहिमेचा वेग, टोचणाऱ्यांचे अपुरे शिक्षण, हत्यारांची व्यवस्था यांतील दोष वाटून घेण्यास कोणी तयार नव्हते. चिमटा पाडणाऱ्या मदतनीसाच्या माथी सारे मारणेही तितकेच अन्यायाचे ठरेल, हे त्याच न्यायाने म्हटले पाहिजे.

याची खरी किंमत पंजाबने मोजली. मलकवालनंतर लोकांचा लशीवरील विश्वास उडाला आणि मोहीम ढासळली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतील मोठा वाटा पंजाबचा होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला ते हेच वर्ष.

उत्तरायुष्य

हिंदुस्थानात परतल्यावर हाफकिन यांना परळ मिळाले नाही. ती जागा भरलेली होती. त्यांची नेमणूक कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत झाली. तेथे लशी तयार करून लोकांवर त्यांची परीक्षा घेण्याचे काम त्यांच्याकडे देण्यात आले नाही. ते संशोधनाचे लेखन करीत राहिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त होऊन त्यांनी हिंदुस्थान सोडला.

पुढची वर्षे त्यांनी बहुतेक फ्रान्समध्ये काढली. ते अविवाहित होते. ज्यू धर्माचे पारंपरिक आचार त्यांनी काटेकोरपणे पाळले आणि १९१६ साली त्या आचारांच्या समर्थनार्थ एक निबंध लिहिला. विज्ञानाने श्रद्धेची गरज संपवली आहे असे मानणाऱ्या अनेक समकालीनांत ते त्यामुळे वेगळे दिसतात. १९२८ साली ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहण्यास गेले. पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांना साहाय्य करण्यासाठी त्यांनी आपली संपत्ती एका निधीकडे सुपूर्द केली. त्या पाठशाळांतून विज्ञान आणि एखादे हस्तव्यवसायाचे शिक्षणही दिले जावे असा त्यांचा आग्रह होता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ साली मुंबई जिवाणुशास्त्र प्रयोगशाळा असे झाले होते. १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. त्या वेळी हाफकिन हयात होते. तोपर्यंत या प्रयोगशाळेतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. पुढे सर्पदंशावरील औषध, रेबीजची लस आणि तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस यांचेही उत्पादन परळला झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ साली हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. संस्थेची मुख्य इमारत म्हणजे जुने गव्हर्नमेंट हाउस अद्याप उभे आहे.